वारसा इमारतीत वीज वाचवायची, तर कामाला हात कोणत्या क्रमानं घालायचा

जुन्या वाड्यात उन्हाळ्यात राहवत नाही, वीजबिल परवडत नाही आणि महापालिकेच्या वारसा यादीत नाव असल्यामुळे काही करताही येत नाही. पुण्याच्या पेठांत आणि मुंबईत गिरगाव-फोर्टच्या इमारतींत ही तक्रार सर्रास ऐकू येते. यातलं ‘काही करताही येत नाही’ हे बरंचसं गैरसमजातून येतं. आणि उकाड्याचा दोष बहुतेक वेळा मूळ इमारतीचा नसतोच, गेल्या पन्नास-साठ वर्षांत तिच्यात जे घुसडलं आणि जे बुजवलं, त्याचा असतो.

हे आधी सांगण्याचं कारण असं की ऊर्जाबचतीची बहुतेक मार्गदर्शनं थंड देशांतून आलेली आहेत. तिथे घर तापवायला इंधन जळतं, म्हणून भिंतीला आतून उष्णतारोधक थर लावा, फटी बुजवा, खिडक्यांना दुहेरी काच बसवा, असा सल्ला असतो. युरोपात २०१७ साली ऐतिहासिक इमारतींच्या ऊर्जासुधारणेसाठी ईएन १६८८३ हे मानक आलं. त्यातली एक गोष्ट आपण जरूर घ्यावी: आधी इमारत समजून घ्या, मग उपाय निवडा. बाकी उपाय मात्र आपल्या हवेला लागू पडतीलच असं नाही. आपल्याला उष्णता आणि ओल दोन्ही बाहेर घालवायच्या असतात. जाड भिंती, चौक, झरोके, उतरतं छप्पर ही व्यवस्था त्यासाठीच केलेली आहे. ती पुन्हा चालू करणं हे आपलं मुख्य काम. नवी यंत्रं त्यानंतर.

कागद आधी

‘वारसा वास्तू’ हा शब्द आपण ढोबळपणे वापरतो, पण कायद्याच्या दृष्टीनं त्यात तीन वेगळ्या गोष्टी येतात.

पहिली, खुद्द संरक्षित स्मारक: केंद्राच्या १९५८ च्या किंवा राज्याच्या १९६० च्या प्राचीन स्मारक कायद्याखालचं. तिथलं काम पुरातत्त्व खात्याच्या अखत्यारीत असतं, हा लेख त्यासाठी नाही.

दुसरी, केंद्र-संरक्षित स्मारकाच्या आसपासचं तुमचं घर. २०१० च्या दुरुस्तीनंतर स्मारकापासून १०० मीटर प्रतिबंधित क्षेत्र आणि त्यापुढचे २०० मीटर नियंत्रित क्षेत्र धरतात. शनिवारवाड्याच्या किंवा पाताळेश्वराच्या जवळ राहणाऱ्यांना हे माहीत असतं. १०० मीटरच्या आत नवं बांधकाम होत नाही, पण असलेल्या घराची दुरुस्ती परवानगी घेऊन करता येते. छप्पर बदलणं हीसुद्धा दुरुस्तीच आहे, तेव्हा कौलं उतरवण्याआधी अर्ज करा.

तिसरी गोष्ट महापालिकेची वारसा यादी, आणि बहुतेकांचा संबंध तिच्याशीच येतो. मुंबईत १९९५ पासून अशी नियमावली आहे आणि वारसा संवर्धन समिती सल्ला देते. पुण्याला आणि नागपूरलाही याद्या व समित्या आहेत. मुंबईत श्रेणी १ मध्ये आत-बाहेर दोन्हीकडे हात लावता येत नाही, इमारत तगण्यापुरतं अत्यावश्यक काम तेवढं चालतं. श्रेणी २ अ मध्ये आतले बदल जपून करता येतात, २ ब मध्ये त्याहून थोडी मोकळीक असते आणि श्रेणी ३ मध्ये आत-बाहेर बदलांना साधारणपणे वाव असतो. तुमच्या शहरातली भाषा वेगळी असू शकते, म्हणून श्रेणी लेखी काढून घ्या, ऐकीव माहितीवर जाऊ नका. मुंबईत इमारत उपकरप्राप्त (म्हणजे दुरुस्तीसाठी उपकर भरणारी जुनी) असेल तर म्हाडाच्या दुरुस्ती मंडळाशीही गाठ पडते.

अर्जात दर बाजूचे फोटो लावा आणि कोणतं काम मूळ स्थिती परत आणणारं आहे, कोणतं काम पुढे काढून टाकता येण्याजोगं आहे, हे कामागणिक लिहा. समितीपुढे ‘ऊर्जाबचत’ या एका शब्दापेक्षा ‘१९७० नंतर बुजवलेले चार झरोके उघडणे’ हे वाक्य कितीतरी जास्त काम करतं. घरातल्या लग्नमुंजीचे जुने फोटो शोधा. मागे दिसणारी झिलमिली (खिडकीची तिरप्या लाकडी पट्ट्यांची झडप), कठडा किंवा छपराची कड हा चांगला पुरावा ठरतो.

एक उन्हाळा, एक पावसाळा मोजमाप

वर्षभराची बिलं काढून महिन्यागणिक युनिट मांडा. महावितरणचे घरगुती दर १००, ३०० आणि ५०० युनिटच्या टप्प्यांवर चढत जातात, म्हणून वाचलेलं युनिट सर्वांत महाग टप्प्यातलं असतं. मे महिन्याचा आकडा फेब्रुवारीपेक्षा किती चढला, तेवढा खर्च गारव्यावर होतो असं धरायला हरकत नाही.

मग तापमान आणि आर्द्रता दोन्ही दाखवणारे तीन-चार स्वस्त मापक आणा. एक छपराखालच्या खोलीत, एक तळमजल्यावर, एक चौकात सावलीला, एक घराबाहेर सावलीला ठेवा. सकाळी सहा, दुपारी तीन आणि रात्री दहा अशा नोंदी घ्या. रात्री दहाला वरची खोली बाहेरच्यापेक्षा चार-पाच अंशांनी गरम असेल, तर दोष छपराचा किंवा अडलेल्या वाऱ्याचा. तळमजला थंड असूनही कोंदट वाटत असेल आणि आर्द्रता बाहेरच्यापेक्षा जास्त दिसत असेल, तर दोष ओलीचा. ही वही हाती असली की ठेकेदाराशी बोलणंच बदलतं.

भिंती कोरड्या केल्याशिवाय पुढे जाऊ नका

ओल्या भिंतीचा आणि वीजबिलाचा संबंध लोकांच्या चटकन लक्षात येत नाही. ओली भिंत कोरड्या भिंतीपेक्षा जास्त उष्णता आत आणते. खोलीत दमटपणा वाढला की तेवढ्याच तापमानाला जास्त उकडतं, मग एसी लावला जातो, आणि त्याच्या विजेचा मोठा वाटा हवेतलं पाणी काढण्यातच जातो.

ओल कुठून येते ते पाहायला जोत्यापासून सुरुवात करा. पेठांतल्या रस्त्यांवर डांबराचे आणि काँक्रीटचे थरावर थर चढत गेले, रस्ता जोत्याच्या वर आला आणि पावसाचं पाणी भिंतीला टेकून उभं राहू लागलं. आवारात जागा असेल तिथे भिंतीलगत चर खणून, त्यात खडी भरून पाण्याला उतार द्या. काम इतकंच असतं, पण ते सगळ्यांत जास्त उपयोगी पडतं. आत पाहिलं तर जुनी शहाबादी फरशी झाकून तिच्यावर गुळगुळीत व्हिट्रिफाइड टाइल लावलेली असते. जमिनीतली ओल सांध्यांतून वर येऊन उडून जायची, ती वाट बंद झाली की ओल भिंतीत चढते. मग भिंतीला लोणा लागतो, म्हणजे मीठ फुलून पोपडे सुटतात, आणि त्यावर उपाय म्हणून सिमेंटचा गिलावा आणि प्लॅस्टिक पेंट चढवला जातो. ओल आणखी वर सरकते. कमरेइतका डाग पाच वर्षांत छातीपर्यंत गेलेला दिसतो, तो यामुळेच.

उपाय उलट दिशेनं करायचा. डागाच्या वर हातभर जाऊन सिमेंटचा गिलावा काढा. छिन्नी हलक्या हातानं चालवा, हातोडा-यंत्र नको, नाहीतर मऊ विटा आणि मातीच्या दरजा (विटांमधले सांधे) सुटतात. उघडी भिंत सुकू द्या. जाड भिंत महिन्याला साधारण इंचभर सुकते असा ठोकताळा आहे, तेव्हा दोन-अडीच फुटांची भिंत दोन्ही बाजूंनी सुकली तरी तिला वर्षभर किंवा जास्तही लागू शकतं. भिंतीवर फुललेलं मीठ कोरड्या कुंच्यानं झाडून उचला, पाण्यानं धुऊ नका. त्यानंतर दरजा भरून चुन्याचा गिलावा करा. चुना काही आठवडे भिजलेला असावा आणि त्यात सुरखी (विटांची पूड) आणि वाळू मिसळावी. वर चुन्याचीच सफेदी हवी. पांढऱ्या सिमेंटवर आधारलेली पुट्टी वर लावली की केलेलं सगळं काम वाया जातं, रंगाऱ्याला हे बजावून सांगा.

लाकडाची तपासणीही याच वेळी करा. तुळई मधून धडधाकट दिसते, कुजते ती भिंतीत शिरलेल्या टोकाला. छोट्या हातोडीनं तुळईवर भिंतीच्या दिशेनं ठोकत जा. खणखणीत आवाज एकदम बद्द झाला की तिथे पेचकस टोचा. तो बोटाच्या पेरापेक्षा जास्त आत गेला तर बांधकाम अभियंता बोलवा, आणि तोवर वर कसलाही भार वाढवू नका.

छप्पर: सर्वांत जास्त पैसे इथेच घाला

पुण्यात १३-१४ मेच्या सुमाराला आणि मुंबईत त्याच्या एक-दोन दिवस पुढेमागे शून्य सावली दिवस असतो. सूर्य ऐन माथ्यावर येतो. म्हणजे उन्हाळ्याच्या शिखरावर दुपारी दक्षिणेच्या भिंतीला फारसं ऊन लागत नाही आणि सगळा मारा छपरावर होतो. ही एक गोष्ट लक्षात घेतली की भिंतीला उष्णतारोधक थर लावण्याचा विचार मागे पडतो आणि खर्च कुठे करायचा ते आपोआप ठरतं.

कौलारू छप्पर असेल तर कौलं उतरवून, स्वच्छ करून, फुटकी बदलून परत चढवायची असतातच. मंगलोरी कौलांचा पहिला कारखाना बासेल मिशननं १८६५ मध्ये मंगळुरात काढला आणि त्याचा नमुना सगळ्या किनाऱ्यावर व घाटावर पसरला, त्यामुळे जोडीची जुनी कौलं अजूनही मिळतात. कौलं खाली आलेली असताना थर असे रचा: वाशांवर फळ्यांची तक्तपोशी, तिच्यावर पाणी अडवणारा पण वाफ जाऊ देणारा पडदा, त्यावर वाशांच्या दिशेनं उभ्या रीपा, त्यांवर आडव्या रीपा आणि मग कौलं. उभ्या रीपांमुळे कौलांखाली इंच-दीड इंच पोकळी राहते. वळचणीकडून वारा त्या पोकळीत शिरतो आणि तापून आढ्याकडून बाहेर पडतो. म्हणून आढ्यावरची कौलं सिमेंटनं गच्च बंद करू नयेत. पोकळीकडे चकचकीत बाजू येईल असा परावर्तक पडदा घातला तर आणखी फरक पडतो. बाहेरून छप्पर होतं तसंच दिसतं, त्यामुळे परवानगीही तुलनेनं सहज मिळते. रीपांमुळे छप्पर दोन-तीन इंच वर उचललं जातं, तेवढं मात्र वळचणीच्या तपशिलात दाखवावं लागतं.

कौलांना खालून फोम फवारण्याची जाहिरात हल्ली फार होते. जुन्या घरात तो करू नये. एक कौल बदलायचं झालं तर फोम फोडावा लागतो, वासे हवेवाचून कोंडतात, वाळवी लागली तर दिसत नाही आणि आगीचा धोका वाढतो.

सपाट गच्चीची गोष्ट वेगळी. मुंबईतल्या जुन्या गच्च्यांवर गळती थांबवण्यासाठी कोब्यावर कोबा चढत गेलेला असतो. विटांच्या तुकड्यांच्या चार इंच कोब्याचं वजन चौरस मीटरला २०० किलोच्या आसपास भरतं. लाकडी तुळयांवर असे दोन-तीन थर बसलेले असले, तर आधी ते काढून मूळ थरापर्यंत यावं लागतं. मग उतार नीट करून वर पांढऱ्या तुकड्यांचं चायना मोझॅक किंवा दरवर्षी चुन्याची सफेदी. पांढरी गच्ची ऊन परतवते, आणि सफेदीचा खर्च इतका कमी असतो की बाकीचं सगळं पुढे ढकललं तरी हे याच उन्हाळ्यात करावं. मराठवाडा-सोलापूरकडच्या माळवदाला, म्हणजे मातीच्या सपाट छपराला, जाड मातीमुळे मुळातच उष्णता कमी लागते. तिथे काम मातीची पाण्यापासून राखण करण्याचं असतं.

काही वेळा छप्पर परत मूळ रूपात नेणं हाच उपाय असतो. मुंबईतल्या १८७० च्या डेव्हिड ससून ग्रंथालयाच्या अलीकडच्या जीर्णोद्धारात मधल्या काळात घातलेला सपाट स्लॅब काढून उतरतं छप्पर पुन्हा बसवलं. आपल्या घरावर असा स्लॅब असेल तर अंदाजपत्रकात हा पर्याय निदान मांडून पाहावा.

वारा

चौकाचं काम रात्री होतं. थंड हवा जड असते, ती चौकात उतरते, ओसरी-सोप्यातून आत शिरते, आणि दिवसभर तापलेली हवा वरच्या झरोक्यांतून बाहेर जाते. पावसाच्या त्रासामुळे चौकावर पारदर्शक पत्रा टाकला की हे थांबतं, शिवाय पत्र्याखाली गरम हवेचा साठा होतो. पत्रा नकोच असं म्हणणं राहणाऱ्यांवर अन्याय होईल. तो वळचणीच्या वर दोन-तीन फूट उचलून चारही बाजू मोकळ्या ठेवा, आणि होळीनंतर काढून ठेवता येईल असा बसवा.

मात्र हवेचा फरक ओळखा. पुणे, नाशिक, छत्रपती संभाजीनगर इथे एप्रिलमध्ये दिवस आणि रात्रीच्या तापमानात मोठं अंतर असतं. तिथे खिडक्या रात्री सताड उघड्या आणि सकाळी नऊपासून बंद, हा आजीचा नियम जाड भिंतीच्या घरात उत्तम चालतो. कोकण, मुंबई, गोव्यात रात्रही फारशी उतरत नाही, त्यामुळे भिंत थंड करण्यापेक्षा अंगावर वारा खेळता ठेवणं महत्त्वाचं. विदर्भात कोरड्या उन्हाळ्यात कूलर आणि वाळ्याचे पडदे कमी विजेत काम भागवतात. कूलरचं पाणी मात्र जुन्या भिंतीला किंवा लाकडी जमिनीला लागता कामा नये.

खिडक्यांबद्दल एकच आग्रह: जुनी सागवानी खिडकी काढून सरकती ॲल्युमिनियमची बसवू नका. सरकत्या खिडकीचा अर्धा भागच उघडतो, म्हणजे वारा थेट निम्मा होतो. जुनी खिडकी पूर्ण उघडते, झिलमिली बंद असतानाही वारा देते आणि ऊन अडवते. कुजलेला खालचा भाग कापून नव्या सागाचा जोड देणारे सुतार अजून आहेत. गोव्यातल्या शिंपल्यांच्या खिडक्याही अशाच जपाव्यात, त्या ऊन गाळून मवाळ उजेड आत घेतात. बाहेरून ऊन लागणाऱ्या पश्चिमेच्या खिडकीला बांबूचा चिक बाहेरच्या बाजूनं लावा. आतल्या पडद्यापर्यंत ऊन पोचलं की उष्णता घरात आलेलीच असते. मरीन ड्राइव्हवरच्या आर्ट डेको इमारतींचे खिडक्यांवरचे लांब छज्जे आणि गोलाकार गॅलऱ्या याच कामासाठी आहेत. गॅलरी काचेनं बंद केली की तीच आतल्या खोलीची भट्टी होते.

वीज, पंखे, एसी

आधी वायरिंग. लाकडी पट्टीतली जुनी तार, कापडी आवरण, अर्थिंगचा पत्ता नाही, आणि त्याच तारेवर एसी: वाड्यांना आगी लागण्यात अशा वायरिंगचा मोठा वाटा असतो. एसीची लाइन मीटरपासून स्वतंत्र घ्या, विजेची गळती होताच ती तोडणारा ब्रेकर बसवा, आणि नव्या नळ्या दरजांतून किंवा लाकडी पट्टीमागून न्या. दगडात आणि नक्षीच्या लाकडात खाचा मारायच्या नाहीत.

पंख्यांचा हिशेब सोपा आहे. जुना पंखा ७५ वॉट घेतो, बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) पंखा साधारण ३०. रोज पंधरा तास चालणाऱ्या एका पंख्यामागे महिन्याला सुमारे २० युनिट वाचतात, आठ पंख्यांच्या घरात १६०. कडीपाटाला (लाकडी कड्या-फळ्यांच्या छताला) पंखा टांगताना जुना हूक बदलू नका, तो बहुधा तुळईच्या आरपार असतो.

एसी सगळ्या घराला नको. तक्तपोशी किंवा पक्कं छत असलेली एक-दोन झोपण्याच्या खोल्या निवडा, तेवढ्यांच्याच दारखिडक्यांच्या फटींना ब्रशपट्टी लावा, आणि गरज वाटली तर जुन्या खिडकीच्या आतून स्क्रूनं काढता येणारी दुसरी काच बसवा. २४ ऐवजी २७ अंशांवर ठेवून पंखा चालू ठेवा. तापमान एका अंशानं वाढवलं की सुमारे ६ टक्के वीज वाचते असं ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो सांगतं. बाहेरचं यंत्र दर्शनी सज्ज्यावर टांगायचं नाही, मागच्या अंगणात जमिनीवर ठेवा. आणि त्याच्या पाण्याची नळी थेट गटारापर्यंत न्या. पावसाळ्यात एक एसी दिवसाला बादलीभर पाणी टाकतो, तेच पाणी जोत्याशी सोडलं तर भिंत सुकवण्याची वर्षभराची मेहनत एका मोसमात बुडते.

सौर पॅनेल शेवटी

वापर कमी झाला की पॅनेलही कमी लागतात, म्हणून हे शेवटी. एक किलोवॉटला साधारण १० चौरस मीटर जागा लागते आणि महिन्याला १०० ते १२० युनिट मिळतात. २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत घरगुती संचाला दोन किलोवॉटपर्यंत किलोवॉटमागे ३०,००० रुपये आणि तीन किंवा जास्त किलोवॉटला एकूण ७८,००० रुपये अनुदान ठेवलेलं आहे. वारसा इमारतीत रस्त्यावरून न दिसणारं छपराचं मागचं पाखं (उतरती बाजू), किंवा त्याहून बरं म्हणजे मागच्या अंगणातली नवी पडवी, गोठा, गाडीची शेड निवडा. कौलांना भोकं पाडून सांगाडा बसवणारा ठेकेदार नको. सांगाड्याचे पाय वाशांवर उतरले पाहिजेत, आणि वासे तो भार घेतील असं अभियंत्याचं पत्र अर्जाला जोडा.

कामाचं वेळापत्रक

चुन्याचं काम दसरा-दिवाळीनंतर सुरू करा. तेव्हा भिंती सुकत असतात आणि गिलाव्याला जळजळीत ऊन लागत नाही. नवा गिलावा दोन आठवडे ओला ठेवावा लागतो, त्यासाठी पाणी मारणारा माणूस करारात वेगळा लिहा, नाहीतर ते काम कोणाचंच नसतं. गवंडी निवडताना त्यानं आधी केलेलं, निदान दोन पावसाळे पाहिलेलं चुन्याचं काम जाऊन बघा. आणि पूर्ण भिंत देण्याआधी जिन्याखालच्या कोपऱ्यात तीन फुटांचा नमुना करून घ्या. कौलं उतरवायची ती फेब्रुवारी-मार्चमध्ये. एप्रिलअखेर छप्पर बंद झालं पाहिजे, कारण वळवाचा पाऊस कोणाला विचारून येत नाही. पैसे टप्प्याटप्प्यानं द्यायचे असतील तर पहिल्या वर्षी पाणी-ओल आणि वायरिंग, दुसऱ्या वर्षी छप्पर, तिसऱ्या वर्षी खिडक्या आणि यंत्रं. मापकांच्या नोंदी मात्र तिन्ही वर्षं चालू ठेवा, पुढच्या टप्प्याच्या अर्जाला त्याच जोडायच्या आहेत.